दोन गाड्या गेल्या ते वर्ष

नवरा गेला तेव्हा आमची गाडी साडेचार वर्षांची होती. गुरुवारी सकाळी फिरायला निघताना तो खुर्चीत बसून बुटाची नाडी बांधत होता आणि तिथेच पुढे कलंडला. अँब्युलन्स आली, इस्पितळात नेलं, डॉक्टर बाहेर येऊन बोलले. त्या दिवशी बरीच माणसं आपापल्या गाड्यांतून आमच्याकडे आली. आमची गाडी गंगापूर रोडवरच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, भिंतीकडे तोंड करून, आदल्या संध्याकाळी त्याने लावली होती तशीच उभी राहिली. पुढचे पाच महिने तिला कुणी हात लावला नाही.

मला गाडी चालवता येते, पण लागत नव्हती. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि कॉलेज घरापासून पायी पंधरा मिनिटांवर आहे. मी जात होते, येत होते. लोक विचारायचे, कशी आहेस. मी म्हणायचे, बरी आहे. ते खोटं नव्हतं. पोळ्या नेहमीसारख्या फुगत होत्या. झोप लागत होती. दाढ काढल्यावर दोन-तीन तास ओठ जसा जाड आणि परका वाटतो, तसं सगळं होतं. बोट लावलं तर कळायचं की लावलं आहे, एवढंच.

जुलैमध्ये आमच्या वॉचमननी सांगितलं, "मॅडम, तुमच्या गाडीखाली उंदीर येजा करतात. एकदा बघून घ्या."

मी नवऱ्याची किल्ली घेऊन खाली गेले. बटण दाबलं, काही झालं नाही. आणखी दोनदा दाबलं. एरवी आपण जवळ गेलो तरी आरसे उघडून, दिवे लावून स्वागत करणारी ती गाडी ढिम्म उभी होती. काचेवर एवढी धूळ होती की आतलं दिसत नव्हतं. मी वर आले आणि सर्व्हिस सेंटरला फोन केला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस आला. चाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, अतिशय नम्र. त्याने माझ्या हातातली किल्ली घेऊन तिच्या पोटातून एक बारीक, खरीखुरी किल्ली काढली. तशी किल्ली आत आहे हे मला माहीत नव्हतं. दार उघडलं, बॉनेट उघडलं, टॉर्च मारला आणि वायरीचं एक तुटकं टोक बाहेर ओढलं.

"वायरिंग खाल्लंय मॅडम उंदरांनी."

"जोडता येईल ना?"

"आम्ही जोडत नाही. पूर्ण सेट बदलतो. त्याच्याबरोबर एक युनिट येतं, तेही बदलावं लागेल."

"मग बदला."

त्याने फोनवर काहीतरी शोधलं. "तुमचं मॉडेल बंद झालंय मॅडम. ऑर्डर टाकता येईल, पण माल कधी येईल ते सांगता येत नाही. आलाच तर गाडीच्या आजच्या किमतीच्या मानाने ते परवडणार नाही. खरं सांगू का, एक्स्चेंजला देऊन टाका."

"चार वर्षांत बंद?"

"साडेचार झाली मॅडम," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी समजुतीचा होता. भेटायला येणारे लोक नवऱ्याचं वय विचारून जसं बोलायचे, तसा.

मुलगी बंगळुरूला असते. तिला फोन केला तर ती म्हणाली, "आई, देऊन टाक गं. साडेचार वर्षांची गाडी म्हणजे जुनीच की. बाबांनी एवढ्यात बदललीच असती." ते खरं होतं. त्याला गाड्यांची हौस होती, पण गाडीत जीव गुंतवणं त्याला आवडायचं नाही. दर चार-पाच वर्षांनी नवी. तो म्हणायचा, गाडी वस्तू आहे, तिने आपलं काम करावं आणि जावं. त्याचं आणखी एक म्हणणं होतं आणि त्यात मला कधी खोट काढता आली नाही. नवी गाडी धडकली की स्वतः चेपते आणि आतल्याला वाचवते; जुनी गाडी जशीच्या तशी राहते आणि आतला माणूस जातो. हे तो माझ्या वडिलांसमोर म्हणायचा. वडील ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "असेल बुवा."

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, नामपूरला असतात. त्यांचा कांद्याचा व्यापार होता, आता भाऊ बघतो. मी चौथीत असताना त्यांनी सरकारी लिलावात एक पांढरी अँबॅसिडर घेतली. ती तेव्हाच वापरलेली होती. तिच्यातून आम्ही तिन्ही भावंडं शाळेत गेलो. हंगामात तिच्या मागच्या सीटवर कांद्याची पोती गेली, त्यामुळे तिला कायमचा कांद्याचा वास होता. लग्नानंतर मी सासरी आले ती तिच्यातूनच. आईला शेवटच्या आजारपणात नाशिकला आणलं आणि परत नेलं तेही. आई जाऊन अकरा वर्षं झाली. गाडी होती.

नानांचा रोज संध्याकाळी सात वाजता फोन येतो. मी त्यांना उंदरांचं सांगितलं. ते घरात अहिराणी बोलतात, माझ्याशी अर्धी अहिराणी आणि अर्धी शाळेतली मराठी.

"मंग आते काय करशी?" त्यांनी विचारलं.

"देऊन टाकते. मेली आहे ती."

"मरेल नही, जपेल शे ती," नाना म्हणाले. आमच्याकडे जपणं म्हणजे झोपणं. "रविवारी येतो. चाचाला आणतो."

"नाना, ती चाचांच्या हातातली गाडी नाही."

"बघू तर दे त्याला."

चाचा म्हणजे सटाण्याचे मेकॅनिक. त्यांचं नि नानांचं वय सारखंच, ऐंशीच्या आसपास. नानांची गाडी चाळीस वर्षं त्यांनीच राखली. रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला दोघं शंभरावर किलोमीटर येऊन आमच्या पार्किंगमध्ये उतरले. अँबॅसिडरचा आवाज गेटपासून ऐकू आला. इमारतीतली दोन-तीन माणसं गॅलरीत येऊन बघू लागली. नानांनी गाडी आमच्या गाडीशेजारी, तिच्यासारखीच भिंतीकडे तोंड करून उभी केली. मी पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो जरा जास्त वेळ ठेवला. मला त्या हाताचं वजन कळलं.

चाचांनी आमच्या गाडीचं बॉनेट उघडलं. आत सगळ्यावर काळं प्लास्टिकचं झाकण होतं. ते चष्मा लावून बराच वेळ त्याकडे बघत राहिले, मग त्यावरून हळूच हात फिरवला.

"बेटी, इसमें खोलने जैसा कुछ है ही नहीं," ते म्हणाले. मग मराठीत आले. "ही मला दाखवायचीच नाही असं ठरवून बनवलीय."

तरी त्यांनी झाकण काढलं. त्याखाली, इंजिनच्या कडेला, उंदरांचं घरटं होतं. सीटमधला फोम, कागदाचे कपटे, वायरींचे रंगीत तुकडे आणि निळ्या चौकटीच्या कापडाच्या चिंध्या. तो नवऱ्याचा रुमाल होता. गाडीच्या दारातल्या कप्प्यात तो नेहमी एक रुमाल ठेवायचा. चाचांनी घरटं दोन्ही हातांनी उचलून बाहेर काढलं आणि माझ्याकडे बघितलं. टाकू का, असं त्यांना विचारायचं असावं. मी म्हटलं, "टाका." मी ते अगदी सहज म्हटलं. नाना दुसरीकडे बघत होते.

मग चाचांनी अँबॅसिडरच्या बॅटरीला दोन जाड वायरी लावल्या आणि त्यांची दुसरी टोकं आमच्या गाडीला जोडली. नानांना म्हणाले, इंजिन चालू ठेवा. मला म्हणाले, तू आत बस आणि किल्ली लाव.

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. बटण दाबलं आणि एकदम सगळं जागं झालं. आरसे उघडले. समोरच्या पडद्यावर नवऱ्याच्या नावाने स्वागत आलं. मग माझ्याखालची सीट आपोआप मागे सरकायला लागली. या गाडीला तशी सोय होती; कोणाची किल्ली आहे ते ओळखून ती सीट त्याच्या मापाची करायची. तो माझ्यापेक्षा बराच उंच होता. सीट मला घेऊन हळूहळू मागे गेली, थोडी खाली गेली, पाठ कलली आणि थांबली. माझे पाय पेडलपासून सुटले होते. मी तशीच बसून राहिले. पडद्यावर आता लिहून आलं होतं की तुमचा फोन सापडत नाही. ते जायचं आणि परत यायचं.

"सेल मार," चाचा बाहेरून म्हणाले.

मी मारला. काही झालं नाही. पुन्हा मारला.

"करंट आहे," चाचा म्हणाले, "पण उठायची नाही ही. कुठली वायर कुठे जाते ते मला माहीत नाही. ज्याला माहीत आहे त्याला जोडायची परवानगी नाही."

नाना माझ्या खिडकीपाशी आले आणि वाकले. "काय व्हयनं माय?"

"सीट मागे गेली," मी म्हटलं.

त्यांना ते समजलं की नाही माहीत नाही. ते दार धरून तसेच उभे राहिले. मी बटण बंद करून उतरले.

जेवताना मी चाचांना म्हटलं, जुन्या गाड्या मजबूत होत्या, नाही? ते वरणभात कालवता कालवता हसले. "सगळे असंच म्हणतात. कशाच्या मजबूत? तुझ्या नानाची गाडी दर महिन्याला माझ्या दारात यायची. आज फॅनबेल्ट, उद्या कार्बोरेटर, परवा आणखी काही. हजार वेळा बिघडली असेल. पण प्रत्येक वेळी मला कळायचं की काय बिघडलंय. आणि नाना तोवर ओट्यावर बसून राहायचा. त्याला घाई नव्हती."

"घाई होती," नाना म्हणाले. "बसत होतो, कारण दुसरी गाडी नव्हती."

ती गाडी द्यायला मला महिनाभर लागला. आधी ती माझ्या नावावर करावी लागली. वारस म्हणून अर्ज, मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती, मुलीचं ना हरकत पत्र. मी सगळं व्यवस्थित केलं, कागद क्रमाने लावून, टाचणी मारून. आरटीओतल्या बाई म्हणाल्या, इतकी नीट फाइल कुणी आणत नाही. मग एक दिवस टो करणारी गाडी आली. त्यांनी तिची पुढची चाकं उचलली आणि ती मागच्या चाकांवर गेटबाहेर गेली. पार्किंगमध्ये भिंतीसमोर तेलाचाही डाग नव्हता. नवी गाडी, तिच्यातून काही गळत नसे.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी जेवणं झाल्यावर नाना म्हणाले, "चाल घर. आठ दिवस राहा." मी कॉलेजला रजेचा निरोप पाठवला, दोन साड्या पिशवीत घातल्या आणि अँबॅसिडरमध्ये बसले. हो म्हणायला आणि नाही म्हणायला सारखेच कष्ट होते, म्हणून हो म्हटलं.

पुढची सीट एकसंध होती, आडव्या बाकासारखी. चाचा मागे बसून नानांच्या खांद्यावरून रस्ता बघत होते. आम्ही चांदवडच्या अलीकडे हायवे सोडून देवळ्याच्या रस्त्याला लागलो. घाटात इंजिनचा वास बदलला. नानांनी काटा न बघताच गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं; चाचा मागे पाय पसरून झोपले आणि आम्ही दोघं दगडी कठड्यावर बसलो. पाणी आत्ता ओतायचं नाही, आधी तिला निवू द्यायचं, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

खालून एक टेम्पो आला आणि गेला. मग नाना म्हणाले, "डॉक्टरने गाडी चालवायची नही सांगेल शे. समोरून एक गाडी आली तर मला दोन दिसतात."

मी त्यांच्याकडे बघितलं. "मग आज इथवर आलात कसे?"

"चाचा सांगत होता, कोणती खरी."

मी हसले असेन. नाना माझ्याकडे वळून बघत होते, म्हणून मला ते कळलं.

"आता हिला देऊन टाकू," ते म्हणाले.

"कशाला? चालतीये की."

"चालतीये तोवरच द्यायची. बंद पडल्यावर देणं म्हणजे टाकून देणं. मी गेल्यावर ही खळ्यात उभी राहील. तुम्ही तिघं एकमेकांना फोन कराल, काय करायचं, काय करायचं. कोणी हात लावणार नही. मंग उंदीर."

त्यांनी मला उद्देशून म्हटलं नव्हतं, पण ते मला उद्देशूनच होतं, आणि त्यात दोष देणं नव्हतं.

नानांनी फडक्याने रेडिएटरचं झाकण उघडलं, आम्ही कॅनमधलं पाणी ओतलं आणि मी ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन बसले. त्यांनी हरकत घेतली नाही. मी ती गाडी पंचवीस वर्षांत चालवली नव्हती. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, क्लच दगडासारखा, आणि वळणावर स्टिअरिंग फिरवायचं म्हणजे विहिरीचा रहाट ओढल्यासारखं. ती काही समजून घेत नव्हती. जेवढं ओढावं तेवढंच वळत होती. नाना शेजारी बसून अधूनमधून सांगत होते, आता तिसरा टाक, आता सोड. देवळा गेलं, सटाण्याला चाचांना उतरवलं आणि दिवेलागणीला आम्ही नामपूरला पोचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला हात उचलून वेणी घालता येईना. दोन्ही खांदे, मनगटं, मान, सगळं ठणकत होतं. मी खाटेवर बसून एका हाताने दुसरा खांदा दाबत राहिले. पाच महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी दुखत होतं. वहिनीने तेल गरम करून आणलं आणि खांद्यांना लावलं. तिने विचारलं, "जोरात होतंय का?" मी म्हटलं, "होऊ दे." त्यानंतर मी थोडी रडले, फार नाही. वहिनी तेल लावत राहिली. दोन दिवसांत खांदे बरे झाले आणि मी पुन्हा होते तशी झाले.

नानांनी बोलल्याप्रमाणे केलं. दिवाळीनंतर त्यांनी मला बोलावलं. गाडी चाचांच्या गॅरेजमध्ये नेली होती आणि दोघांनी मिळून ती तीन दिवस खोलली. कोणी येऊन तोडून न्यावी हे त्यांना नको होतं. चाचा खाली बसून नट सोडवायचे, नाना स्टुलावर बसून पाने हातात द्यायचे. दोन दिसत असले तरी चौदाचा पाना कुठला आणि सतराचा कुठला हे त्यांना हाताला कळत होतं. निघालेला प्रत्येक भाग रॉकेलने पुसून चाचा सतरंजीवर मांडत होते. इंजिन मालेगावच्या एका माणसाने नेलं. त्याच्याकडे अशीच गाडी आहे आणि तो तिला अजून चालवतो. दोन दारं, डायनॅमो, पुढचे दिवे, स्टिअरिंगची पेटी, हे सगळं कुणाकुणाकडे गेलं. पुढची सीट भावाने घरी आणून ओसरीत ठेवली. तिच्यावर बसलं की अजून कांद्याचा वास येतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी फक्त सांगाडा उरला. रीतसर भंगारात काढणाऱ्यांचा ट्रक आला. त्यांनी नंबरप्लेटा काढून घेतल्या, सांगाड्यावरचा नंबर तपासला, एका कागदावर नानांची सही घेतली. क्रेनने सांगाडा उचलताना तो एकदा गॅरेजच्या खांबाला लागला आणि मोठा आवाज झाला. खांबाचा सिमेंटचा टवका उडाला. सांगाड्याला काही झालं नाही. मला नवऱ्याचं म्हणणं आठवलं, की जुनी गाडी जशीच्या तशी राहते.

मी नानांकडे बघत होते. चाळीस वर्षं सांभाळलेली गाडी. मला वाटलं होतं त्यांना बसवावं लागेल, पाणी द्यावं लागेल. ते ट्रक वळेपर्यंत उभे राहिले, मग हात पुसत चाचांना म्हणाले, "चहा सांग रे." तोंडावर काही नव्हतं. आई गेली तेव्हाही त्यांचं तोंड असंच होतं. तेव्हा मी त्यांच्यावर मनातून रागावले होते. आता मी शेजारी उभी होते आणि माझं तोंडही तसंच असणार. चहा आला, आम्ही तिघांनी घेतला.

मी दुसरी गाडी घेतलेली नाही. मुलगी म्हणते घे, निदान लहान तरी. बघू म्हणते. जुनी घ्यावी असं वाटत नाही. तिला एक चाचा लागतो आणि ओट्यावर बसून राहायला वेळ लागतो, आणि माझ्याकडे दोन्ही नाहीत. नवी घ्यावी असंही वाटत नाही. पार्किंगमधली आमची जागा मी शेजाऱ्यांना वापरायला दिली आहे.

डिसेंबरात नाना डोळा दाखवायला नाशिकला आले, एसटीने. मी बसस्टँडवर घ्यायला गेले. गर्दी उतरून गेल्यावर सगळ्यात शेवटी ते उतरले, एका हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. मी विचारलं, त्रास झाला का, जागा मिळाली का.

"मिळाली. खिडकीची मिळाली," ते म्हणाले. "चांदवडकडे डोंगराला असा मोठा सुळका शे, तू कधी पाह्यला का?"

"पाहिलाय की नाना. रस्त्यातच तर आहे."

"मी आज पाह्यला," ते म्हणाले. "मी नेहमी रस्ताच बघत होतो."

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. तिच्यात बाजरीचं पीठ आणि वहिनीने दिलेली चटणी होती. आम्ही रस्ता ओलांडून रिक्षात बसलो, मी डोळ्यांच्या दवाखान्याचा पत्ता सांगितला, आणि नानांनी एक हात माझ्या गुडघ्यावर ठेवून बाहेर बघायला सुरुवात केली.